न फाटलेली पुस्तके

पुस्तके जमविणाऱ्यांमध्ये एक लहानसा पंथ असा आहे, की जो केवळ मुलांची सचित्र पुस्तकेच जमवितो. त्यातही प्रत पहिल्या आवृत्तीची हवी, तीवर लेखकाची आणि जमल्यास चित्रकाराचीही स्वाक्षरी हवी, असा ह्या मंडळींचा आग्रह असतो. युरोप-अमेरिकेत ह्या पुस्तकांचे रीतसर लिलाव होतात. आपल्याकडे हा व्यवहार रद्दीची दुकाने, पदपथावरचे विक्रेते आणि जुन्या वाड्यांतील माळे एवढ्यावरच चालतो. पण चालतो खरा. ह्या व्यवहाराचे काही नियम आहेत, आणि ते ऐकले म्हणजे मन किंचित अडखळते. पानाचा कोपरा दुमडलेला असेल, तर किंमत उतरते. चित्रात कोणी रंगीत खडूने आणखी रंग भरला असेल, तर ती फार उतरते. पहिल्या कोऱ्या पानावर एखाद्या मुलाने वेड्यावाकड्या अक्षरांत आपले नाव लिहिले असेल, तर तो दोष समजला जातो. त्याच पानावर लेखकाने आपले नाव लिहिले असेल, तर तो अलंकार ठरतो. सारांश, सर्वांत मौल्यवान प्रत ती, जी मुलासाठी छापली गेली पण कोणत्याही मुलाच्या हाती फारशी पडली नाही.

छंदांची गणना आम्ही पापात करीत नाही. कबुलीजबाबाच्या खुर्चीत इतकी वर्षे बसल्यावर माणसाला कशाकशाने मोह पडतो हे ठाऊक होते, आणि त्या मानाने जुनी पुस्तके जमविणे हे व्यसन पुष्कळच सात्त्विक म्हटले पाहिजे. तरीही येथे एक नैतिक प्रश्न आहे. एखादी वस्तू ज्यासाठी निर्माण झाली, त्या उपयोगापासून तिला कायमचे दूर ठेवून तिचे रक्षण करणे, हे रक्षण होय काय? घड्याळ किंवा नाणे ह्यांच्या बाबतीत आम्ही हा प्रश्न इतक्या आग्रहाने विचारला नसता. मुलांच्या पुस्तकाच्या बाबतीत विचारतो, कारण त्या पुस्तकाचा खरा मालक मोठ्या माणसांच्या बाजारात उभाच राहू शकत नाही. त्याच्यापाशी पैसेही नाहीत आणि मतही नाही.

प्रथम ही पुस्तके दुर्मिळ का होतात ते पाहिले पाहिजे. राजाज्ञांचे कागद दुर्मिळ होतात ते जाळपोळीने, ओलीने, उपेक्षेने. मुलांचे पुस्तक दुर्मिळ होते ते बहुतांशी वापराने. ते अंथरुणात नेले जाते, जेवताना उघडले जाते, थोरल्याकडून धाकट्याकडे आणि तेथून शेजारच्या घरी जाते. शेवटी शिवण उसवते आणि पाने सुटतात. भक्तीच्या पुस्तकांचेही असेच होते. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथे १६१६ साली छापले गेले आणि पुढे १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. हस्तलिखित प्रतींवरून १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ सालढाणा ह्यांनी त्याचे पुनर्मुद्रण केले म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले. पहिल्या प्रती नाहीशा होण्यात पोर्तुगीज राजवटीने १६८४ मध्ये देशी भाषेविरुद्ध काढलेल्या फर्मानाचाही हात असणार. पण जे पुस्तक देवळादेवळांतून वाचले आणि गाइले जात होते, त्याची पाने बोटांनी झिजविली नसतील असे कोण म्हणेल? मराठीत मुलांसाठी छापलेल्या पहिल्या पुस्तकांत ‘बालबोधमुक्तावली’चे नाव घेतात. इसापाच्या गोष्टींचे हे मराठी रूप तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०६ साली आपल्या छापखान्यातून काढले. पुण्या-मुंबईच्या आधी मराठी मुलांची गोष्ट कावेरीच्या काठी छापली गेली, हे सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. आपल्या घरांतही पाहावे. आजोबांच्या प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या दिवशी मिळालेले सचित्र प्रार्थनापुस्तक किती कुटुंबांत उरले आहे? जेथे उरले आहे, तेथे ते बहुधा पेटीत राहिले म्हणून उरले आहे.

तेव्हा संग्राहकाच्या कपाटातील एका कोऱ्या प्रतीची किंमत कोणी वाढविली, तर ज्या शेकडो मुलांनी आपापल्या प्रती फाडून संपविल्या, त्यांनी.

‘ॲलिस इन वंडरलँड’ ह्या पुस्तकाची कथा ह्या दृष्टीने फार बोलकी आहे. १८६५ च्या उन्हाळ्यात त्याच्या २००० प्रती छापून झाल्या. चित्रकार टेनिएल ह्यांना चित्रांची छपाई पसंत पडली नाही, म्हणून लेखक लुईस कॅरोल ह्यांनी ती आवृत्ती मागे घेतली. मित्रांना आधीच भेट दिलेल्या प्रतीही त्यांनी परत मागविल्या, आणि परत आलेल्या प्रती मुलांच्या रुग्णालयांना देऊन टाकल्या. मोठ्या माणसांच्या दृष्टीने त्या सदोष होत्या, पण आजारी मुलांना त्या चालण्यासारख्या होत्या! आज त्या मागे घेतलेल्या आवृत्तीच्या जगभर पंचवीसही प्रती उरलेल्या नाहीत, आणि इंग्रजी बालसाहित्यातील अत्यंत मोलाच्या वस्तूंत त्यांची गणना होते. रुग्णालयांत गेलेल्या प्रतींपैकी बहुतेक तेथेच संपल्या असाव्यात. तापाने फणफणलेल्या एखाद्या मुलीने त्यातले एखादे चित्र उशाशी ठेवले असेल. त्या प्रती ‘नष्ट’ झाल्या असे ग्रंथसूचीकार म्हणतील. आम्हांला तो शब्द वापरवत नाही.

ह्या प्रश्नात संत थॉमस अक्वायनस ह्यांचा आधार घेता येतो. खाजगी मालमत्तेविषयी लिहिताना त्यांनी एक सूक्ष्म भेद केला आहे. वस्तू मिळविणे आणि तिची निगा राखणे ह्या बाबतीत माणसाला ती आपली म्हणून बाळगता येते, एवढेच नव्हे तर तशी ती बाळगणे हिताचेही असते, कारण जे सर्वांचे असते त्याकडे कोणीच नीट लक्ष देत नाही. परंतु उपयोगाच्या बाबतीत मात्र त्याने ती केवळ आपली मानू नये. गरजवंताला ती सहज देता येईल अशी त्याची वृत्ती असावी. सेमिनरीत हा भाग शिकताना आमच्या डोळ्यांपुढे शेतजमीन आणि धान्याचे कोठार असे. पुस्तकांच्या कपाटाला हाच नियम लावण्याची वेळ येईल असे तेव्हा वाटले नव्हते. निगा एकाची आणि उपयोग सर्वांचा, असे ते मोजमाप आहे. संग्राहकाची निगा राखण्याची बाजू बहुधा निर्दोष असते. किंबहुना तो निगेत इतका गुंततो, की उपयोगाचा त्याला विसर पडतो.

मात्र संग्राहकाच्या बाजूने जे बोलता येते, तेही पुरते बोलले पाहिजे. आम्हां सांगलीकरांना ते कोणी शिकवायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा नगर वाचनालयाची हजारो पुस्तके भिजली. सार्वजनिक म्हणून जे काही जपले होते, ते चार-सहा दिवसांत लगदा होऊन बाहेर आले. २००५ मध्ये पूर येऊन गेला होता आणि २०२१ मध्ये तो पुन्हा आला. भिजलेल्या पुस्तकांत सचित्र पुस्तकांचे हाल अधिक होतात, ही गोष्ट त्या वेळी अनेकांना प्रथमच कळली. चित्रांसाठी वापरतात त्या गुळगुळीत आर्ट पेपरवर पांढऱ्या मातीचा लेप असतो. तो कागद भिजून तसाच वाळला, की पाने एकमेकांना चिकटून त्यांची वीट होते. ओले असतानाच पानापानांत टिपकागद घातला तरच ती सुटतात. साधा खरखरीत कागद वाकडातिकडा का होईना, पण वाळतो आणि वाचता येतो. अशा वेळी कोणा एका छांदिष्टाने वरच्या मजल्यावरील कपाटात ठेवलेली प्रत गावाची शेवटची प्रत ठरू शकते. तिला ‘स्वार्थाने दडविलेली’ म्हणणे अन्यायाचे होईल.

शिवाय जपणे हा केवळ मोठ्यांचाच गुण आहे असेही नाही. पीटर रॅबिटची गोष्ट बिॲट्रिक्स पॉटर ह्यांनी १८९३ साली नोएल नावाच्या एका आजारी मुलाला चित्रांसह पत्रात लिहून पाठविली होती. पुढे काही वर्षांनी तिचे पुस्तक करावे असे त्यांना वाटले, तेव्हा त्यांनी ते पत्र त्याच्याकडून उसने मागितले. त्याने ते जपून ठेवले होते. प्रकाशकांनी नकार दिल्यावर त्यांनी १९०१ च्या डिसेंबरात स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. १९०२ मध्ये प्रकाशकाने ते पुस्तक रंगीत चित्रांसह काढले. लहान हातांत मावेल असा आकार आणि परवडेल अशी किंमत, ह्यावर बाईंचा कटाक्ष होता. आज त्या २५० प्रतींपैकी एखादी विकत घेणे कोणाही मुलाच्या आईबापांच्या आवाक्यातले नाही. पण नोएलने जपले नसते, तर पुस्तकच झाले नसते, हेही खरे.

आमच्याच मुलखात ह्या प्रश्नाचे एक उत्तर पूर्वी दिले गेले आहे. औंध संस्थानचा मुलूख आजच्या सातारा आणि सांगली ह्या दोन्ही जिल्ह्यांत विखुरलेला होता. आटपाडी, कुंडल त्यातच येत. तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार होते. त्यांनी स्वतः चित्रे काढून १९१६ साली ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध केले. मुलांचे पुस्तक म्हणून ते निघाले नव्हते. परंतु ज्या घरांत ते पोहोचले, तेथे ते मांडीवर घेऊन कोण बसले असेल ह्याची कल्पना कोणालाही करता येईल. ह्याच बाळासाहेबांच्या साहाय्याने १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि पुढे तेथून शंकरराव किर्लोस्करांनी सचित्र मासिके काढून महाराष्ट्राला चित्रे पाहत वाचण्याची सवय लावली. शंकरराव स्वतः व्यंगचित्रे काढीत.

पण आम्हांला बाळासाहेबांचा उल्लेख करावयाचा आहे तो संग्राहक म्हणून. रविवर्म्याच्या ‘सैरंध्री’पासून हेन्री मूर ह्यांच्या दगडातील माता-बालकापर्यंत केवढा तरी संग्रह त्यांनी केला, आणि राजवाड्यातील दिवाणखान्यात तो न ठेवता यमाईच्या डोंगरावर १९३८ साली श्री भवानी संग्रहालय उभारून त्यात मांडला. त्याच सुमारास, गांधीजींच्या सल्ल्याने, त्यांनी आपली राजसत्ताही प्रजेच्या हाती दिली. १९३९ च्या आरंभी औंधची नवी राज्यघटना अमलात आली. देवीच्या दर्शनाला निघालेली खेडूत माणसे, शाळेच्या सहलीची मुले आजही त्या दालनांतून फिरतात. काचेला नाके लावून पाहणारी मुले आम्ही तेथे पाहिली आहेत. रखवालदार ओरडतो, आणि त्याने ओरडावे हेही बरोबरच आहे. औंधच्याच शाळेत शिकलेल्या ग. दि. माडगूळकरांनी पुढे १९५५-५६ मध्ये ‘गीतरामायण’ लिहिले. हा योगायोग समजावा. पण ज्या गावात राजा रामायणाची चित्रे काढतो, त्या गावात वाढणे ही काही सामान्य गोष्ट नव्हे.

आता स्वाक्षरीविषयी. ह्या संग्राहकांची चेष्टा करणे सोपे आहे. नावाच्या दोन फराट्यांसाठी एवढा खर्च कशाला, असे आम्हांला अनेकांनी विचारले आहे. पण आपण कॅथलिकांनी तरी हा प्रश्न जपून विचारावा. संतांच्या अवशेषांपुढे आपण गुडघे टेकतो. त्यांनी वापरलेले वस्त्र, त्यांच्या हाताचे पत्र आपल्याला पूज्य वाटते. हा हात ह्या कागदावरून फिरला, ही भावना माणसाच्या मनात फार खोल आहे, आणि तिला वेडगळ म्हणणारा माणूस आपल्या वडिलांचे शेवटचे पत्रही टाकून देत नाही. स्वाक्षरी म्हणजे पवित्र अवशेष असे आम्हांला म्हणावयाचे नाही. तरी अवशेषांबाबत ख्रिस्तसभेने एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी केली आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ११९० व्या कलमानुसार पवित्र अवशेषांची विक्री सर्वस्वी निषिद्ध आहे. ज्या वस्तूचे मोल स्पर्शात आहे, त्या वस्तूला भाव लावू नये, असा त्यामागील विचार असावा. असली वस्तू एकाने दुसऱ्याला द्यावयाची असते.

पुस्तकावरची स्वाक्षरीही मुळात देण्याचीच खूण असते. आपल्याकडे नुसते नाव सहसा कोणी लिहीत नाही. ‘चि. अमक्यास सप्रेम भेट’ किंवा ‘अनेक आशीर्वाद’ असे काही तरी लिहून मग सही होते. ते वाक्य त्या दोघांतले असते. रद्दीच्या ढिगात असे पुस्तक उघडले, की दुसऱ्याच्या घरात न विचारता पाऊल टाकल्यासारखे होते. तथापि ज्याने ते विकले त्याला लगेच दोष देणेही बरे नव्हे. जिच्यासाठी ॲलिसची गोष्ट रचली गेली त्या ॲलिस लिडेल ह्यांनी, कॅरोलने स्वहस्ते लिहून, चित्रे काढून भेट दिलेली वही १९२८ साली लिलावात विकली. पती निवर्तले होते आणि वारसाकर भरावयाचा होता. १५,४०० पौंड आले. वही अमेरिकेत गेली. पुढे १९४८ साली काही अमेरिकन दात्यांनी वर्गणी करून ती विकत घेतली आणि ब्रिटिश जनतेला परत भेट दिली. जी वस्तू भेट म्हणून जन्मली, ती वीस वर्षे विक्रीच्या मार्गाने फिरून अखेर भेट म्हणूनच स्थिरावली. विक्रीतूनही कधी चांगले निघते. जे. के. रोलिंग ह्यांनी हाताने लिहिलेल्या एका गोष्टींच्या पुस्तकाच्या सात प्रतींपैकी एक प्रत २००७ मध्ये साडेएकोणीस लाख पौंडांना विकली गेली, आणि तो पैसा निराधार मुलांच्या कार्याला मिळाला. पुढच्याच वर्षी ते पुस्तक साध्या किमतीत सर्वांसाठी छापले गेले.

हे सर्व आम्ही इतक्या विस्ताराने मांडीत आहोत त्याचे कारण एका परिचितांनी घातलेला पेच होय. हे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. गावातील सर्वच त्यांना गुरुजी म्हणतात, आम्हीही म्हणतो. पगाराच्या मानाने परवडणार नाही इतकी मुलांची पुस्तके त्यांनी चाळीस वर्षांत जमविली आहेत. बरीचशी पहिल्या आवृत्तीची, काहींवर लेखकांच्या सह्या. २०१९ च्या पुरात खालच्या खणातील पुस्तके भिजली. त्यांत एका नामवंत बालसाहित्यिकाने स्वहस्ते सही करून दिलेली प्रत होती. छापखान्याची शाई तेलकट असते, ती पाण्याने जात नाही. गोष्ट आणि चित्रे शाबूत राहिली. पेनची शाई पाण्यात विरघळते. सही गेली, आणि तिच्या जागी निळसर डाग उरला.

“फादर, आता ह्या पुस्तकाला काही अर्थ उरला का?” असे त्यांनी विचारले, आणि पाठोपाठ खरा प्रश्न विचारला. मुलगा दूरच्या शहरात असतो, त्याला ह्यात रस नाही. एका विक्रेत्याने सगळ्याची एकरकमी किंमत सांगितली आहे. वाचनालयाला द्यावीत, तर पुराची धास्ती. गल्लीतल्या मुलांना द्यावीत, तर वर्षभरात चिंध्या होतील. “मी ह्यांचा मालक आहे की राखणदार, तेवढे सांगा,” असे ते म्हणाले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही चटकन दिले. बाजाराच्या दृष्टीने पुस्तक उतरले. सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने त्यातले काहीच कमी झालेले नाही. ज्यांना दिले होते त्यांना सही आठवते, आणि आठवण पाण्याने जात नाही. दुसऱ्या प्रश्नाला आम्ही आठवडाभर वेळ मागून घेतला.

त्या आठवड्यात अमेरिकन चित्रकार-लेखक मॉरिस सेंडॅक ह्यांची एक आठवण आमच्या मनात सारखी घोळत होती. एका लहान मुलाने त्यांना पत्र लिहिले. उत्तरादाखल त्यांनी कार्डावर खास त्याच्यासाठी एक चित्र काढून पाठविले. काही दिवसांनी मुलाच्या आईने कळविले, की मुलाला ते कार्ड इतके आवडले, की त्याने ते खाऊन टाकले. सेंडॅक म्हणत, की ह्याहून मोठी दाद आपल्याला कधी मिळाली नाही. मूळ चित्र आहे, त्याला किंमत आहे, ह्याची मुलाला पर्वा नव्हती. त्याने ते पाहिले, त्याला ते आवडले, आणि त्याने ते आपलेसे केले. रोजच वेदीपाशी उभे राहणाऱ्या माणसाला ह्या गोष्टीचे नवल वाटू नये, तरी वाटले. म्हणून काय सर्वच पुस्तके खाऊ घालावीत? नोएलने जपले, त्या मुलाने खाल्ले. दोघांनीही प्रेमच केले.

गुरुजींना आम्ही जे सुचविले त्यात अक्वायनसांचा भेदच व्यवहारात आणला होता. ज्या पुस्तकांची नवी आवृत्ती बाजारात मिळते, त्यांच्या जुन्या प्रती मुलांना द्याव्यात आणि त्यांची गत काय होते ह्याकडे पाहू नये. ज्यांची दुसरी प्रत कोठेही नाही, ती गावाबाहेर उंच जागी, एखाद्या जबाबदार ग्रंथालयाच्या हवाली करावीत. त्याआधी पानांची छायाचित्रे काढून ठेवावीत. आता साध्या मोबाइलवरही ते काम बरे होते. महाबळेश्वर तालुक्यातील भिलार गावात २०१७ च्या मे महिन्यापासून घराघरांत पुस्तके ठेवली आहेत आणि येणारा कोणीही ओसरीवर बसून ती वाचतो, हेही आम्ही त्यांना सांगितले. सह्यांच्या प्रतींबाबत मात्र आम्ही काही सांगितले नाही. त्या ज्यांच्या हातून आल्या आणि ज्यांच्या नावे आल्या, त्यांच्यातला तो मामला आहे.

गुरुजींनी आमचे निम्मे ऐकले. विक्रेत्याला त्यांनी नकार दिला. ग्रंथालयाशी बोलणे अजून चालू आहे, आणि आमचा अंदाज असा, की ते आणखी बरेच दिवस चालेल. दर रविवारी दुपारी चारच्या सुमारास ते माजघरात सतरंजी अंथरतात, मुलांना मोरीवर हात धुवायला लावतात आणि कपाट उघडतात. सह्यांच्या प्रतीही त्यांत असतात. गेल्या महिन्यात एका चिमुरडीच्या हातून हत्तीच्या चित्राचे पान मधोमध फाटले. गुरुजींनी ते गव्हाच्या खळीने आणि पतंगाच्या कागदाने जोडले आहे.